महामायानं मोडलेली शपथ

नागुबाई न्हाणीत घसरल्या, उजवा हात मोडला, आणि त्यांना आंघोळ घालायची पाळी सुनेवर आली. एरवी जळकोटच्या त्या घरात अठरा वर्षांत महामायानं सासूची उघडी पाठसुद्धा पाहिली नव्हती. दुसऱ्याच दिवशी साबण लावताना डाव्या छातीत तिच्या बोटांना काहीतरी लागलं. लिंबाएवढं, टणक, जागचं न हलणारं. वरची कातडी आत ओढल्यागत दिसत होती.

"आत्या, हे काय हाय?"

"काही न्हाई. दुखत न्हाई ते."

"कधीपासून?"

"मागल्या बुद्ध जयंतीपासून." वर्ष उलटून गेलं होतं. नागुबाईंनी ओल्या हातानं तिचं मनगट धरलं. "माझ्या थोरल्या बहिणीला कापलं, तीन महिन्यांत गेली. माझ्या लेकाला, धम्माला, सांगायचं न्हाई. नातीची शपथ हाय तुला."

महामाया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. शपथेनं कुणाचं वाईट होत नसतं, हे तीच मुलांना सांगायची. तरी तीन दिवस तिनं ते मनातच ठेवलं. फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. चौथ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. धम्मानंदनं कपाटातून पैसे काढून तिच्या हातात ठेवले. "तूच घेऊन जा तिला," एवढंच म्हणाला.

मुलानं हात जोडले, तेव्हा कुठे नागुबाई निघाल्या. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही छात्या, दोन्ही काखा दाबून पाहिल्या. "बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण नुसत्या हातानं सांगता येत नाही. मॅमोग्राफी, सोनोग्राफी करू. मग सुईनं बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू."

"सुई लागली की पसरतं ते!" नागुबाई ओरडल्या.

"नाही पसरत, आजी." मग त्या महामायाकडे वळल्या. "काखेतही गाठ लागतेय. दुखत नाही म्हणून थांबायला नको होतं."

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. नागुबाई सुनेशी बोलेनाशा झाल्या. एका हातानं, कसंबसं, स्वतःच अंगावर पाणी घेऊ लागल्या. पाचव्या दिवशी नात धम्मप्रिया तापानं फणफणली.

"बघ," नागुबाई म्हणाल्या. पाच दिवसांत सुनेशी बोललेला तो एकच शब्द.

गावात घरोघरी ताप होता, हे महामायाला ठाऊक होतं. तरी ती पोरीचं कपाळ पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन. "उपचार आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आता एक आठवडाही घालवू नका."

"मला घरी जायचं," म्हणत नागुबाई उठल्या.

दवाखान्याच्या जिन्यात महामायानं त्यांचे पाय धरले. माणसं वळसा घालून जात होती. "मला शिव्या द्या, जन्मभर बोलू नका, पण केमोचं सलाईन लावून घ्या, आत्या. मी काय करू हो? गप्प बसून तुम्हाला मरताना पाहू?"

"तू सांगून मोकळी झालीस," नागुबाई म्हणाल्या. "आता रोज मरायचं मला हाय." आणि पाय सोडवून घेऊन त्या खाली उतरल्या.

रविवारी त्यांनी मुलाला हाक मारली. "उद्या दवाखान्यात येते मी. पण तू चल. ती नको."

सोमवारी स्टँडवर महामायानं खिडकीतून डब्याची पिशवी वर दिली. नागुबाईंनी पिशवी घेतली, मांडीवर ठेवली, आणि खिडकीची काच ओढून घेतली.