साखर बंद

आईनं चहाचा एक घोट घेतला आणि कप बाजेच्या कडेला ठेवून दिला. उजवा हात लुळा पडला होता, त्यामुळे सगळं डाव्या हातानं.

"हे काय पाजायलात? भांडे धुतल्यालं पानी?"

"चहाच हाय," आण्णा म्हणाले.

"जलमभर ऊस तोडला तुमच्यासंगं. अन् आता माह्या कपात साखर न्हाई."

आण्णा बाहेर गेले. साखर आणि गूळ दोन्ही त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं आणि पेटीची किल्ली करदोड्याला बांधली होती.

आईच्या मेंदूत गाठ होती. नगरला ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, आणि गाठ पुन्हा वाढली. मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. खर्ड्याजवळच्या आमच्या गावी आणल्यावर चुलतभाऊ कल्याणनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. गाठ साखरेवर जगते, साखर तोडली की गाठ वाळते. या आजारात आण्णांना प्रथमच कुणी करण्यासारखं काही सांगितलं होतं; त्यांनी ते धरून ठेवलं. मी जामखेडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. रजा टाकून आले तेव्हा आई हाडांवर आली होती.

ओट्यावर आण्णा शेळीला पाला टाकत होते.

"आण्णा, तिला साखर द्या."

"तूच म्हनलीस ना फोनवर, गाठ लई साखर खाती म्हनून?"

"खाते. पण पुढचं ऐका. मेंदूत एक चांदणीच्या आकाराची पेशी असते. ती रक्तातली साखर घेऊन फोडते. त्यातून लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो. तो ती आपल्या दारातून बाहेर देते. शेजारी दुसरी पेशी असते. आपण बोलतो, आठवतो, हात हलवतो ते तिच्यामुळे. ती आपल्या दारातून ते लॅक्टेट आत घेते आणि त्यावर चालते."

आण्णांच्या हातातला पाला तसाच राहिला.

"म्हंजी एकानं तोडायचं अन् एकानं उचलायचं."

"तसंच."

"आमच्यावानी."

फडात आण्णा ऊस तोडायचे. आई मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. मी पोटात असतानाही चढायची, असं ती हसून सांगे.

"गाठीतही तेच चालतं," मी म्हणाले. "आतल्या पेशींना हवा पुरत नाही. त्या साखर फोडून लॅक्टेट बाहेर टाकतात आणि कडेच्या पेशी ते उचलतात. तुम्ही चहातली साखर तोडलीत तरी आईचं शरीर भाकरीतून साखर करतं. भाकरी नसली तर अंगावरच्या मांसातून करतं. गाठ उपाशी राहत नाही, आण्णा. आई राहते."

"मंग ती दारंच लावून टाकायची."

"तशी औषधं शोधतायत. पण तसलीच दारं चांगल्या पेशींनाही असतात. अजून नीट जमलेलं नाही."

"हिला घावंल का ते?"

"नाही."

शेळीनं त्यांच्या हातातला पाला ओढून घेतला. ते रिकाम्या हाताकडे बघत राहिले.

"तुझं बराबर आसंल. पर साखर दिली म्हंजी म्या बी हात वर केले. डाक्टरनं केले, तू केले. हिच्या बाजूनं आता कोन ऱ्हायलं?"

आतून आईचा आवाज आला, अडखळत, पण ठसक्यात.

"पंके, काय कुजबूज चाललीय बापलेकीची? मेले न्हाई म्या आजून."

आण्णा उठले. पेटीचं झाकण वाजलं. मी चूल पेटवायला गेले तर त्यांनी मला हातानंच बाजूला सारलं. आधण स्वतः ठेवलं, साखर मुठीनं टाकली, शेळीचं दूध ओतलं आणि उतू जायच्या आत भांडं उतरवलं. चहा त्यांनी आयुष्यात किती वेळा केला असेल, मला माहीत नाही.

आईच्या पाठीला हात लावून त्यांनी तिला बसवलं. ती हळूहळू प्याली. एक ओघळ हनुवटीवरून गेला, तो त्यांनी टॉवेलनं टिपला.

"गोड हाय का?"

"लग्नात बी येवढा गोड न्हाई पाजला तुमी."

तिच्या तोंडाची एकच बाजू हसली. अर्धा कप झाल्यावर तिनं डाव्या हातानं तो त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. निवंल."

आण्णांनी कप घेतला. आई आडवी झाली आणि थोड्या वेळानं तिला झोप लागली. पौष सरता सरता ती गेली. त्याआधी तिला पाणीही गिळता येईनासं झालं होतं.

त्या दिवशी मात्र ती शांत झोपली होती. तिच्या उशाशी आण्णा कप दोन्ही हातांत धरून बसले होते. चहावर साय धरली, तरी त्यांनी तो तोंडाला लावला नव्हता.