बैराग्याला दिलेला अभिप्राय

मराठी भाषेत आजवर जेवढे ग्रंथकार झाले, त्यांत विश्रामपंत करंद्यांच्या तोडीचा दुसरा नाही, याबद्दल दुमत नव्हते. म्हणजे कल्याणात नव्हते. ठाण्यात होते, आणि आगगाडी सुरू झाल्यापासून ठाणे फार जवळ आले होते. कल्याणकरांचे मत तर इतके पक्के होते, की त्यासाठी पंतांचे पुस्तक उघडण्याची गरज कोणाला भासत नसे.

ठाण्याच्या रघुनाथराव नावाच्या एका तरुण बी.ए.ने मात्र पंतांची नवी कादंबरी उघडली, शेवटपर्यंत वाचली आणि तिथल्या साप्ताहिकात तिच्यावर दोन रकाने लिहिले. नायिका कनकलेखा दर प्रकरणात मूर्च्छित पडते. नायक बैराग्याचा वेष घेऊन स्वतःच्याच दारात उभा राहतो, आणि लग्नाची बायको त्याला न ओळखता भिक्षा घालते. हे जगात कुठे घडते, ते पंतांनी दाखवावे. शेवटी एक वाक्य होते : ‘पंतांचे वय झाले, त्यांनी आता लेखणी खाली ठेवावी.’

मूर्च्छा पंतांनी सोसल्या. वय सोसवेना.

कादंबरीचा दुसरा भाग लिहून तयार होता. तो रुमालात बांधून पंत ओटीवर आले आणि आम्हा मंडळींना म्हणाले, "त्या पोराचं म्हणणं खरं ठरलं, तर जीर्ण पोथी सोडतात तसं हे खाडीत सोडून देतो. पुन्हा दौत उघडणार नाही." आवाज शांत होता. रुमालाची गाठ मात्र सोडून पुन्हा मारली.

कोणी म्हणाले, निषेधाची सभा भरवू. मी म्हणालो, "सभेने काय ठरणार? तो म्हणतो, बायको ओळखते. पंत म्हणतात, ओळखत नाही. पंतांना बायको आहे. फक्त दाढी मिळवायची."

मी आपले गमतीने बोललो होतो. पंत उठून उभे राहिले.

रविवारी रघुनाथरावांना बोलावून घेतले. पारनाक्याजवळ एक नाटकमंडळी उतरली होती. तिने दाढी, भगवी कफनी, झोळी आणि चिमटा दिला. आम्ही सारे पंतांच्या समोरच्या घरात खिडकीआड बसलो. रघुनाथराव मधोमध. ते हळूच म्हणाले, "माझं म्हणणं खरं ठरलं, तर मला परत जाऊ द्याल ना?"

"गाडी चुकणार नाही, एवढं बघू," मी म्हणालो.

पंतांनी दारात चिमटा वाजवला. "अलख निरंजन! माई, भिच्छा देव."

आवडाबाई बाहेर आल्या. हातात मूठभर नव्हे, सूपभर तांदूळ होते. त्यांनी बैराग्याकडे नीट पाहिले, पदर सावरला आणि सगळे सूप झोळीत ओतले. आमच्यापैकी कोणीतरी माझा दंड घट्ट धरला होता. पाहतो तो रघुनाथराव.

"महाराज, जरा थांबा," आवडाबाई म्हणाल्या. "घरात चिंता आहे."

"क्या चिंता है, माई, बोलो," बैरागी म्हणाला. पंतांचे हिंदुस्तानी त्यांच्या दाढीइतकेच चिकटवलेले होते.

"आमच्या घरचे ग्रंथ लिहितात. ठाण्याच्या कोणी त्यांना नावं ठेवलीत."

"तुमने वो किताब देख्या?"

"ऐकलीय. जेवायला बसले की वाचून दाखवतात, आणि वाढणाऱ्या बाईला उठून जाता येत नाही. खरं सांगू, महाराज? ती कनकलेखा फार पडते. एकदा पडली तर पाणी शिंपडावं, दुसऱ्यांदा वैद्य आणावा. पुढे पडली तर पडू द्यावं. मी या घरात सहा बाळंतपणं काढली, दोन सासवा सांभाळल्या. पडायला सवडच झाली नाही."

बैराग्याचा चिमटा वाजायचा थांबला.

"पण वय झालं म्हणून असं लिहिलं, हे साफ खोटं. तरुणपणीही ते असंच लिहायचे."

रघुनाथराव खिडकीशी आणखी पुढे सरकले.

"आणि दुसरा भाग निराळा आहे," आवडाबाईंचा आवाज थोडा उतरला. "त्यात ती उठते. नवरा परत येईतो गढी राखते. ते ऐकताना माझा हात वाढता वाढता थांबला. आमटी पानाबाहेर गेली. ते बाड आता खाडीत सोडायचं म्हणतात. सोडू नये, असा काही आशीर्वाद द्या."

बैराग्याने झोळी खांद्यावर सावरली. मग अस्सल कल्याणच्या मराठीत म्हणाला, "तथास्तु." आणि जवळजवळ धावतच कोपऱ्यावरून वळला.

आम्ही मागच्या दाराने जाऊन त्यांना गाठले. पंतांची दाढी एका कानाला लोंबत होती, आणि डोळे पुसायला ती बरी पडत होती. "ओळखलं नाही," ते म्हणाले. "बेचाळीस वर्षं संसार केला, ओळखलं नाही." इतक्या आनंदाने हे वाक्य कोणा नवऱ्याने उच्चारले नसेल.

रघुनाथरावांनी वाकून नमस्कार केला. "ओळखण्याबद्दल मी हरलो. वयाबद्दलही चुकलो. दोन्ही छापतो. पण मूर्च्छांबद्दल माझं बरोबर होतं की नाही?"

"ते तिने बैराग्याला सांगितलं," पंत म्हणाले. "मला नाही."

(दुसऱ्या आवृत्तीत कनकलेखा एकदाच पडली. पंत म्हणाले, छापखान्याची चूक.)

नाटकमंडळीने ढोल आणि तुतारी काढली. दुसऱ्या भागाचे बाड खाडीऐवजी पालखीत चढले. एका बाजूने पंतांनी खांदा दिला, दुसऱ्या बाजूने ठाण्याने. पारनाक्यापासून निघालेली मिरवणूक गावभर फिरली, तोवर तिच्यात अशी माणसे शिरली होती, की ज्यांना पुस्तक कुठले हेही ठाऊक नव्हते. यापेक्षा मोठा सन्मान ग्रंथाला मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

दिवेलागणीला मिरवणूक पंतांच्या दारात आली. सगळ्यांनी इथेच जेवायचे, असे पंतांनी परस्पर जाहीर केले. रघुनाथराव गाडीचे नाव काढीनात. तुतारी चालू होती. तेवढ्यात आवडाबाईंनी मला माजघराच्या दाराशी बोलावले.

"भावोजी, एक काम कराल का?" त्या हळूच म्हणाल्या. "त्या बैरागीबुवांना म्हणावं, झोळीतले तांदूळ तेवढे परत द्या. निवडलेले तेवढेच होते."