दचक्या आणि पान्हा चोरणारी म्हैस

सकाळी सकाळी शेजारच्या गोठ्यात बादली आपटली आणि वहिनी कडाडल्या, "अहो, मागं काय सरकता? ही काय लाथ मारणारी आहे? गरीब गाय आहे बिचारी!"

"म्हैस आहे," दचक्या म्हणाला.

आमच्या शेजाऱ्याला गाव दचक्याच म्हणतं. जन्मापासून तसा नव्हता हो! त्याची आधीची म्हैस महा लाथाडी. वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ जीव मुठीत धरून तिच्याखाली बसायचं. खांदे जे कानांपर्यंत चढले ते उतरेचनात. पोटात जळजळ, झोपेचं खोबरं, डोक्यावरचे केस गायब. वहिनींनी चहा पुढे केला तरी हा लाथ अडवल्यासारखा गुडघा आडवा घालायचा. घरात एक कप धड राहिला नाही.

शेवटी ती म्हैस विकली, ही शांत म्हैस आणली. पण दचक्या खाली बसला की ही पान्हा चोरायची, सडातून थेंब सुटेना. वहिनी बसल्या तर हा दारात थरथरत उभा, म्हैस त्याच्याकडेच बघत राहायची. रतिबाची गिऱ्हाइकं तुटायला लागली.

"हीही विकावी लागली तर खायचं काय?" वहिनी रडकुंडीला आल्या.

ढोरांच्या डॉक्टरांनी म्हैस तपासली. मग दचक्याचे खांदे दाबले.

"बाप रे, दगड! म्हशीला काही झालं नाही. तुम्ही थरथरता, ती बिथरते."

"पण डॉक्टर, लाथाडी तर गेली!"

"गोठ्यातून गेली. अंगातून जायला वेळ लागतो. रोज हिच्याजवळ नुसतं बसा. बादली न घेता."

पहिल्या दिवशी हा पठ्ठ्या गुडघ्यांना गोणपाट बांधून बसला. म्हशीनं गोणपाट खाल्लं. मग रोज त्याचं टक्कल चाटायला लागली. मी कुंपणावरून ओरडायचो, "काय रे, केस उगवले का?"

एका दुपारी गोठ्यातून घोरणं ऐकू आलं. डोकावलो तर दचक्या म्हशीला टेकून गाढ झोपलेला. खांदे खाली आलेले. या माणसाला मान आहे हे मला तेव्हा कळलं.

वहिनी दबक्या पावलांनी बादली घेऊन बसल्या. चर्र चर्र धार लागली! तेवढ्यात म्हशीनं शेपटी फिरवली, ती फाडकन दचक्याच्या तोंडावर. झालं! मी डोळेच मिटले.

दचक्यानं शेपटी हळूच बाजूला केली आणि झोपेतच पुटपुटला, "ठेव गं चहा तिथं. घेतो सावकाश."

वहिनींनी पदर तोंडात कोंबला. हसत होत्या की रडत, देव जाणे, पण धार काही थांबली नाही.