बर्डसॉल बाईंची विहीर

नेब्रास्काच्या पश्चिमेला, आमच्या पठारावर पाणी इतकं खोल होतं, की विहिरीच्या तळातून वर पाहिलं तर आभाळ चांदीच्या नाण्याएवढं दिसायचं. मी विशीतला होतो आणि टेटकडे कामाला होतो. टेट विहिरी खणून द्यायचा. म्हणजे तो वर उभा राहून शिव्या घालायचा आणि खाली खणायचो मी. माझ्या आधीचा गडी तळातल्या विषारी हवेने गुदमरून गेला. त्याचे बूट टेटने मला दिले. ते मला अगदी मापात बसले, हेच मला आवडलं नव्हतं.

रोज सकाळी दोराला पेटता कंदील बांधून आधी तो खाली सोडायचा. तो विझला नाही, म्हणजे हवा ठीक आहे असं समजून मी उतरायचो. बादलीत एक पाय आणि दोराला मिठी.

"काय रे ऑरिन, आईची आठवण आली का?" टेट वरून ओरडायचा.

ती विहीर लव्हीनिया बर्डसॉल या विधवा बाईंची होती. त्या पिंपं गाडीत घालून मैलोन्‌मैल लांबून पाणी आणायच्या. खणता खणता रेताड थर लागला. वाळू ढासळू नये म्हणून मी चहूबाजूंनी फळ्या ठोकत खाली जात होतो. दुपारी एका फटीतून वाळूची बारीक धार सुरू झाली. मी तिथे गोणपाट कोंबलं. फळी कुरकुरली. मग तिला फुगवटा आला.

"टेट! वर ओढा!"

बादली नुकतीच वर गेली होती. ती परत येईपर्यंत फळी फुटली आणि वाळू कमरेपर्यंत आली. बघता बघता छातीपर्यंत. श्वास सोडला की ती आणखी आवळायची. आत भरून घ्यायला जागाच उरेना. बादली आली तसा मी दोर काखेखालून बांधला. वर दोराला जुंपलेला घोडा ओढू लागला आणि मी किंचाळलो, "थांबवा! कमरेतून तुटेन मी!"

मग वर सगळं शांत झालं. मला वाटलं, टेट आणि बाई मला सोडून गेले. मोठ्याने रडलो.

तेवढ्यात वरून खडे पडू लागले. दुसऱ्या दोरावरून टेट खाली येत होता. तोंडात शिव्या नाहीत, नुसती धाप. वाळू उपसायला त्याने बाईंचं पातेलं आणलं होतं, ते हातातून दोनदा निसटलं.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "मलाही बोलायला लावू नकोस. मी चार वर्षांत खाली उतरलो नाहीये."

त्याने फुटक्या फळीला पाठ लावली आणि पातेल्याने वाळू उपसली. वरून बर्डसॉल बाई बादली खेचत होत्या. माझे पाय सुटले, पण ते बूट आतच राहिले.

वर आल्यावर टेट गाडीमागे जाऊन ओकला. मी गवतावर पालथा पडून मुठीत गवत धरून ठेवलं होतं.

"मी आता उतरणार नाही," मी म्हटलं.

"मीही नाही," टेट म्हणाला.

बर्डसॉल बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "बरं. पण पिंपं रिकामी आहेत, आणि उद्याही रिकामीच असणार. विहिरीची जागा बदला. फळ्या दुप्पट लावा. मी उतरते."

"बाई, वेड लागलंय का तुम्हाला?" टेट ओरडला.

"दोर तू धर, ऑरिन. खाली काय होतं ते तुला ठाऊक आहे."

टेकाडाच्या पलीकडे आम्ही नवी विहीर घेतली. सुरुवात आम्हीच केली, पण डोकं जमिनीखाली गेल्यावर बाई उतरू लागल्या. फळ्या टेट कापून द्यायचा. मी काठावर दोर धरून बसायचो. खाली असताना मी निदान स्वतःपुरता घाबरायचो. इथे दोर जरा सैल पडला की घाम फुटायचा. सारखं ओरडायचो, "बाई, आहात ना?"

"आहे रे बाबा! खणू देशील का मला?"

पहिलं बर्फ पडायच्या आत एका सकाळी त्यांनी उत्तर दिलं नाही. मी पुन्हा हाक मारली. टेट धावत आला आणि त्याने दोराला हात घातला.

मग खालून पाण्यात पाय आपटल्याचा आवाज आला, आणि बाईंचं हसणं.

पाणी गोड निघालं. मी ते प्यायलो, आणि त्याच आठवड्यात मेंढ्या राखायच्या कामाला लागलो.