चारची गाडी

आमच्या कारखान्यात दुपारचं घड्याळ कुणी बघत नाही. चारची गाडी सुटली की चार वाजले, असं समजायचं. पाण्याच्या पंपांची खोकी घेऊन ट्रक रोज चारच्या ठोक्याला फाटकाबाहेर पडतो, काहीही होवो. माल पाठवायचा विभाग गेली पंधरा वर्षं माझ्या हाताखाली आहे आणि या गाडीचा मला भलताच अभिमान. माझी धाकटी नणंद आमच्याच पॅकिंगच्या हॉलची सुपरवायझर. ती सगळ्यांदेखत म्हणते, की वहिनी स्वतःच्या लग्नाला अर्धा तास उशिरा आल्या, पण गाडीला कधी उशीर होऊ दिला नाही. घरी ती मला टोमणे मारते, कामावर मी तिला. बरं चाललंय आमचं.

यंदा, ही गाडी ज्याच्याकडे जाते त्या आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचं पत्र आलं. एका पंपामागे वाहतुकीत जितका कार्बन हवेत जातो तो वर्षभरात पाव हिश्शाने कमी करा, आणि भाव वाढवायचं नाव काढू नका. जमत नसेल तर आम्ही दुसरा पुरवठादार बघतो. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं: बाहेरची एक कंपनी बॅटरीवरच्या गाड्या घेऊन हे काम करायला तयार आहे. आमचा विभाग बंद केला की त्या पगारांत तिचं बिल भागतं. महिन्याभरात मी दुसरी वाट काढली तर उत्तम, नाहीतर मी आणि माझी आठ माणसं घरी.

मला राग आला. राग आला की माझं डोकं चांगलं चालतं, आणि आधी दुसऱ्यांच्या चुका शोधत सुटतं. टायरमधली हवा तपासली. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवतो म्हणून ड्रायव्हरला फैलावर घेतलं. रस्ता बदलून पाहिला. दोन आठवडे सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या, तेव्हा कुठे डिझेल चिमूटभर वाचलं. शेवटी एकदा मीच ट्रकमध्ये बसून ग्राहकाच्या गोदामात गेले.

तिथला गोदामवाला भला माणूस. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "तुमचा माल आम्ही एक दिवसाआड उघडतो. मधल्या दिवशीचा नुसता कोपऱ्यात पडून असतो. तुमच्याकडे ठेवायला जागा नसेल, म्हणून रोज पाठवत असाल."

मी चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात त्याच्या माणसांनी ट्रकचं मागचं दार उघडलं. खोकी पुढच्या अर्ध्या भागात होती, उरलेल्या अर्ध्यात आम्ही हवा वाहून आणली होती. मी रोज सही करते त्या कागदावर किती खोकी गेली आणि किती वाजता गेली एवढंच असतं. किती जागा रिकामी गेली, हे लिहायला रकानाच नाही. मला माझीच लाज वाटली.

गणित सोपं होतं. अर्धा ट्रकही जवळपास पूर्ण ट्रकाइतकंच डिझेल पितो. आठवड्याला सहा अर्ध्या फेऱ्यांऐवजी तीन भरलेल्या केल्या, तर कार्बन चाळीस टक्क्यांनी उतरतो. उरलेल्या दिवशी तोच ट्रक आपला कच्चा माल आणेल, म्हणजे त्यासाठी भाड्याची गाडी नको. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी: एका दिवसाचा माल ठेवायचा कुठे? हॉलमध्ये तर मुंगीला शिरायला जागा नाही. नणंदेने टेप घेऊन सगळं आवार पालथं घातलं आणि मालकांच्या गाडीच्या शेडपाशी येऊन थांबली. कोरडी, बंदिस्त, अगदी मापाची. मालकांना हे तू सांग, असं मी म्हटलं. मोठ्या तुम्ही आहात, असं म्हणून ती मोकळी झाली.

आणखी एक गोष्ट होती, ती मी तिलाही सांगितली नव्हती. रोज चारला गाडी सोडायचा नियम आमच्या जुन्या मॅनेजरांनी घातला, असंच सगळे समजतात. तो मी घातला होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माल दोन दिवस उशिरा पोचला आणि या ग्राहकाने फोनवर माझी खरडपट्टी काढली. मी हट्टाला पेटले. गाडी भरेपर्यंत तरी थांबू दे, असं मॅनेजर परोपरीने सांगत होते. मी त्यांना सही करायला लावूनच उठले.

महिन्याच्या शेवटी ग्राहकाकडच्या अधिकारी बाई आल्या. मी आकडे मांडले, नणंदेने शेडचा नकाशा मांडला. मालकांनी शेडचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं, पण मान हलवली. बाईंनी कागद दोनदा वाचले. आकडे चोख आहेत म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "हा नियम मुळात कुणाचा? तो माणूस इथेच असेल तर सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा रोज गाडी सोडाल."

"आमचे जुने मॅनेजर होते," मालक लगेच म्हणाले. "ते केव्हाच निवृत्त झाले."

मी नुसतं गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण ज्या माणसाने मला तेव्हा अडवलं होतं, त्याच्याच गळ्यात ही घोरपड बांधायची? माझ्याच्याने ते होईना.

"नियम माझा आहे," मी म्हणाले. "ते नकोच म्हणत होते."

नणंदेने नकाशाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाईंनी शांतपणे विचारलं, की मग आता माझ्यावर भरवसा कसा ठेवायचा. मी म्हटलं, उद्या चार वाजता मला फोन करा आणि मग ठरवा.

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना ड्रायव्हरने सवयीने इंजिन सुरू केलं. हॉलमधले हात थांबले. माझी आठही माणसं दारात येऊन उभी राहिली. गेटपास माझ्यासमोर होता, पेन हातात होतं, आणि खरं सांगते, बोटं शिवशिवत होती. मी पेनला टोपण लावलं, बाहेर गेले आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. त्याला वाटलं, त्याने चुकीचं ऐकलं. मी पुन्हा सांगितलं.

बरोबर चारला फोन वाजला.

"सुटली का गाडी?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अर्धीच भरलीय. उद्या भरेल, तेव्हा सुटेल."