गाडीची किल्ली

तळ्याकाठच्या त्या भाड्याच्या घरात सुट्टीला जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त उड्या सासूबाईंनी मारल्या. घरातल्या ग्रुपवर त्यांनी आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं, "आम्ही सगळे चाललो! नाना, मी, मुलगा, सून आणि आमची खारू!" त्यापुढे फुलं, बदाम आणि होड्यांची रांग. परगावी असलेल्या नणंदेनं लगेच उत्तर दिलं, "फोटो पाठवत राहा. नुसती जळते मी इथे."

खारू म्हणजे चार वर्षांची नात. खाताना गाल असे भरून घ्यायची की तिचं खरं नाव कुणी घेतच नसे. तिची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघं इतकी घाण्याला जुंपलेली, की आठवड्यातून एकदा एकत्र जेवली तरी सण वाटावा. रोज संध्याकाळी सून ग्रुपवर दिवसभराची खबर टाकायची. खारूनं आज बुटांच्या नाड्या बांधल्या, खारूनं शाळेत शेजारच्या मुलाला चावलं, तिच्या बापाला आज साहेबानं पुन्हा रविवारी बोलावलं. सगळं साधंसुधं. नाना मात्र प्रत्येक निरोपाला उत्तर द्यायचे, "छान. सावकाश."

नानांनी उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात घालवलं होतं. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून शिकलेलं. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. तळ्याकडे जाताना मुलगा गाडी चालवत होता, तर शेजारी बसलेले नाना प्रत्येक वळणावर पायानं जमीन दाबत होते.

"नाना, तिथे ब्रेक नाहीये," मुलगा म्हणाला.

"माहितीये. तुला आहे, पण तू दाबत नाहीस!"

सगळे हसले. सुनेलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी नवऱ्याचं कपाळ सैल झालेलं दिसत होतं.

पहिले दोन दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. पाण्यात डुंबणं, दुपारी ताणून देणं, अंगणात बटाटे भाजणं. एकच गोष्ट सुनेला खटकत होती. नानांना काही विचारलं की उत्तर सासूबाई द्यायच्या. चहात साखर किती, तर "एक चमचा घेतात ते." पोहायला येताय का, तर "नको, त्यांना गार पाणी सोसत नाही." नाना नुसते हसून मान हलवायचे. एकदा त्यांनी सुनेला नणंदेच्या नावानं हाक मारली. सासूबाई चटकन म्हणाल्या, "अहो, उन्हानं डोळे दिपलेत तुमचे." सुनेनं मनात म्हटलं, म्हातारपणी बायका नवऱ्याला अगदी मुठीत ठेवतात.

तिसऱ्या दिवशी सासूबाई डोकं दुखतंय म्हणून पडल्या होत्या. सून मागच्या बाजूला पोहण्याचे कपडे पिळत होती. दोरीवर टाकून पुढे आली, तर नवरा एकटाच पायरीवर बसून हवेच्या होडीला ठिगळ लावत होता.

"खारू कुठेय?"

"नाना घेऊन गेलेत. आइस्क्रीम आणायला."

"चालत?"

"गाडीनं. ऊन आहे ना." त्यानं मान वर केली नाही. "इथंच तर आहे दुकान."

तिला काही वावगं वाटलं नाही. अर्ध्या गावाला गाडी शिकवणारा माणूस. त्याच्या हाती किल्ली द्यायला कसली भीती? तिनं आत जाऊन कांदा चिरला, अंडी उकडत ठेवली. अंडी उकडून गार झाली तरी गाडीचा आवाज नाही. ती पुन्हा बाहेर आली. नवरा आता फाटकाशी उभा होता. ठिगळ अर्धवट पडलं होतं.

आणि रस्त्यानं नाना येताना दिसले. चालत. हातात आइस्क्रीमचा कोन होता, आणि वितळलेलं आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"नाना, खारू कुठेय?"

नानांनी घराकडे पाहिलं. "आत असेल की."

"तुमच्याबरोबर गेली होती ना? गाडी कुठेय?"

"गाडी?" ते ओशाळल्यासारखे हसले. "गाडी मी विकली ना मागंच."

इतक्यात सासूबाई अनवाणीच धावत बाहेर आल्या. त्यांनी नानांना एक अक्षरही विचारलं नाही. मुलाला म्हणाल्या, "त्यांना विचारत बसू नकोस, त्यांना नाही सांगता येणार. तू दुकानाकडे पळ, मी धक्क्याकडे बघते. सावली दिसेल तिथे गाडी लावतात ते."

पळता पळता सुनेच्या डोक्यात तेवढं एकच घुमत होतं. लावतात ते. म्हणजे असं आधीही झालंय.

गाडी होड्या दुरुस्त करायच्या शेडमागे सापडली. लावली तेव्हा सावली असेलही, आता मात्र टपावर रणरणतं ऊन होतं. काचा बंद. मागच्या सीटवर पट्ट्यात अडकलेली खारू, मान एका बाजूला पडलेली, ओठ निळसर. बापानं दगडानं काच फोडली. आईनं तिला बाहेर ओढली तेव्हा पोर तापल्या तव्यासारखी लागत होती. शेडमधला सुतार पाण्याची बादली घेऊन धावत आला. त्यानंच आपल्या गाडीत घालून त्यांना दवाखान्यात पोचवलं.

आत खारूभोवती माणसं जमली होती. बाहेर एक तरुण डॉक्टरीणबाई शांतपणे विचारत होत्या. किती वेळ गाडीत होती? आधी काही आजार? झालेलं सगळं ऐकून मग म्हणाल्या, "आजोबांना हा विसरण्याचा त्रास कधीपासून आहे?"

"कसला त्रास?" सून म्हणाली.

नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "वर्ष झालं असेल."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो काही अनोळखी दिसत नव्हता, आणि तेच वाईट होतं. तोच हा, रात्री खारूला पांघरूण घालणारा.

"तुला माहीत होतं?"

"इतकं नव्हतं गं. मधूनमधून व्हायचं. इथे आल्यापासून बरे होते. मला वाटलं..."

"आणि किल्ली तू दिलीस."

"त्यांनी मागितली," तो म्हणाला. "खारूसमोर मागितली. मला गाडी त्यांनी शिकवली. त्यांना नाही कसं म्हणू?"

तिच्या खिशात फोन वाजत राहिला. बघितलं, तर सासूबाईंनी सकाळी टाकलेल्या फोटोखाली नणंदेनं लिहिलं होतं, "किती मज्जा! नाना अगदी तरुण दिसतायत." फोटोत नानांच्या खांद्यावर खारू बसली होती. सुनेनं तिथेच उभं राहून लिहिलं, "नाना खारूला बंद गाडीत विसरले. ती बेशुद्ध आहे. नानांना काही आठवत नाही. ही गोष्ट मला सोडून कुणाकुणाला माहीत होती?"

लगेच नणंदेचा फोन आला. ती ढसाढसा रडत होती. "वहिनी, आई म्हणाली, तुला सांगू नको. तू घाबरशील. मला शपथ घातली होती गं."

म्हणजे नणंदेलाही माहीत होतं. सगळ्या घरात एकट्या तिच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

खारू वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पण मेंदूला चटका बसला होता. आठवड्याभरात पहिली फीट आली, मग दुसरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधानं आटोक्यात राहील, कदाचित मोठेपणी जाईलही. या 'कदाचित'वरच आता दिवस काढायचे होते. आधी पाठ असलेली गाणी ती मध्येच सोडून द्यायची आणि आईच्या तोंडाकडे बघत बसायची.

दवाखान्याच्या बाकावर एकदा सासू-सून दोघीच राहिल्या. सासूबाईंनी थर्मासमधला चहा पुढे केला. सुनेनं घेतला नाही.

"सांगितलं असतं," सासूबाई म्हणाल्या, "तर तू खारूला त्यांच्याजवळ आणलीच नसतीस."

"नसतीच आणली."

"तेच तर." त्यांनी झाकण पुन्हा घट्ट लावलं. "दिवसभरात त्यांचा चेहरा एकदाच फुलायचा. तू तिची खबर टाकायचीस ना ग्रुपवर, तेव्हा. मी मोठ्यानं वाचून दाखवायचे. उत्तरही मीच टाइप करायचे. त्यांना नाही जमत आता."

"आई, माझी पोर मरता मरता वाचली."

"मला दिसत नाही का?" सासूबाईंचा आवाज फाटला. "मी त्या दिवशी डोकं धरून पडले नसते तर... वर्षभर त्यांच्यामागं सावलीसारखी फिरले. एक दुपार झोपले गं मी. एकच."

सुनेला त्यांची कीव आली आणि संतापही आला. दोन्हींतलं एकही दुसऱ्याला हटवू शकलं नाही. ती उठून खारूच्या खोलीत गेली.

नानांची तपासणी झाली, आजाराला नाव मिळालं, गाडीचा परवाना जमा झाला. काही महिन्यांत ते बायकोलाही ओळखेनासे झाले. सून एकदा त्यांना भेटून आली, खारूला न नेता. नानांनी तिचे हात हातात घेतले आणि गंभीरपणे सांगितलं, "घाबरायचं नाही. पहिल्यांदा सगळ्यांचीच बंद पडते." आपल्या हातून काय झालं, याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांच्यावर रागवायचं म्हणजे पाण्यावर काठी मारणं. तो राग मग फिरून फिरून एकाच माणसावर येऊन बसायचा.

नवऱ्यानं हरप्रकारे भरपाई करून पाहिली. रविवारची कामं बंद केली. औषधाच्या वेळा त्यानं तिच्याआधी पाठ केल्या. फीट आली की पोरीला कुशीवर कसं वळवायचं, हे तो तिच्यापेक्षा नीट करायचा. ती ते बघायची, मान्यही करायची. एकदा भांडी विसळताना तो म्हणाला, "एकदाचं काय ते बोल. शिव्या दे. घर सोडून जा म्हण."

"जा म्हणणार नाही," ती म्हणाली. "खारूला तू लागतोस."

"आणि तुला?"

तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि खारूचं औषध मोजायला घेतलं.

ग्रुपवर आता कुणी फारसं लिहीत नाही. कधीतरी सासूबाई टाकतात, "आज जेवले." नणंद हात जोडल्याचं चित्र पाठवते.

परवा सुट्टीचा दिवस होता. खारूला बरं होतं, झोपाळ्यावर जायचं म्हणून दाराशी नाचत होती. बापानं तिला बूट घातले, औषधाची पिशवी खांद्याला लावली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"बागेत घेऊन जातो हिला. तू पड जरा. रात्रभर जागीच होतीस."

तिच्या डोळ्यांची खरंच आग होत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग खारूकडे. गॅस बंद केला.

"थांब," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

तिच्या चपला त्यानं स्टँडवरून काढून तिच्या पायाशी ठेवल्या आणि दार उघडून धरलं.