शेजारचं टेबल

सहलीला निघालं की भूगोलाच्या मास्तरांची जीभ सैल सुटायची. या खेपेला परदेशातल्या हॉटेलात रोज नाश्त्याला बायको आणि दोन मुलींसमोर ते आधी जगातल्या युद्धांचा समाचार घ्यायचे आणि मग आजूबाजूच्या माणसांचा. आपली भाषा इथे कुणाला कळतेय, या भरवशावर सगळं मोठ्याने चालायचं.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसत आणि जाताना दोन पाव रुमालात गुंडाळून नेत. मुलींनी त्यांचं नाव ‘साठेबाज’ ठेवलं. "युद्ध दारात येणार, ही आतली बातमी ह्याला लागलेली दिसते," असं मास्तर म्हणाले, तेव्हा बायकोलाही हसू आवरलं नाही.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ जवळ आले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "बसू का जरा? बायको गेल्यापासून कानावर मराठी पडत नाही. म्हणून रोज मुद्दाम तुमच्या शेजारी बसतो."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुली ताटलीत बघत राहिल्या. बायकोने घाईघाईने खुर्ची पुढे ओढली.

माफी मागायची तर ती चेष्टा पुन्हा उच्चारावी लागणार होती. "तुम्ही... सगळं ऐकलंत?" एवढंच मास्तरांनी कसंबसं विचारलं.

"ऐकलं की," म्हातारे हसले. "पण गप्प का झालात? युद्धाचं सांगा ना, काल अर्धंच राहिलं."

मास्तर सांगू लागले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की म्हाताऱ्यांना कानामागे हात धरून पुढे वाकावं लागलं.